एकाचे अनेक

'वचन बदला' हे दोन शब्द प्रश्नपत्रिकेत दिसले, की विद्यार्थ्याच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते. निबंधासारखे येथे विचार जुळवीत बसावे लागत नाही, गणितासारखी रीत मांडून दाखवावी लागत नाही. डाव्या बाजूस 'नदी' दिलेली असते, उजव्या बाजूस 'नद्या' लिहायचे. डाव्या बाजूस 'झाड', उजव्या बाजूस 'झाडे'. घटकाभरात ओळी भरतात आणि लेखणी पुढल्या प्रश्नाकडे वळते. इतक्या सहजासहजी मिळालेल्या गुणांचा कोणी फारसा विचार करीत नाही. न शिकताच जे उत्तर येते, ते आले कोठून, हे कोणी विचारीत नाही.

ठाण्याच्या मासळीबाजारात बसणाऱ्या एखाद्या वृद्ध कोळणीने व्याकरणाचे पुस्तक कधी हातात धरलेले नसते. पण टोपलीत 'खेकडा' एकाचे दोन झाले, की ती 'खेकडे' म्हणते. 'चिंबोरी' दुसरीशेजारी ठेवली, की 'चिंबोऱ्या' होतात. आणि 'बोंबील' मात्र एक असो की शंभर, बोंबीलच राहतात. खेकडा आणि चिंबोरी ही तर एकाच प्राण्याची नावे. पाय तितकेच, नांग्या त्याच, चावाही तोच. पण नाव बदलताच अनेकवचनाची वाट बदलते. का बदलते, असे तिला विचारले तर ती हसेल, आणि गिऱ्हाईक फारच पंडित दिसले तर भाव थोडा चढवील. तिच्या तोंडून चूक मात्र व्हायची नाही.

एकाचे अनेक करण्यापूर्वी मराठी भाषा प्रत्येक नामाला एक प्रश्न विचारते : तू तो, ती, की ते? इंग्रजी असे काही विचारीत नाही. बहुतेक नामांच्या शेवटी ती एक 'एस' जोडते आणि मोकळी होते. संस्कृतला याच्या उलट फारच बारकाईची आवड; तिने एकवचन आणि बहुवचन यांच्यामध्ये दोहोंसाठी म्हणून एक निराळे द्विवचन ठेवले. मराठीने द्विवचन सोडून दिले, पण लिंगाचा प्रश्न सोडला नाही. 'तो' असून जो आकारान्त आहे त्याचा शेवट ए होतो : रस्ता-रस्ते, किल्ला-किल्ले, मासा-मासे. इतर 'तो' आपल्या जागचे हलत नाहीत : देव, दगड, लाडू, कवी. 'ते' असून अकारान्त असेल तर तेथेही ए येतो : घर-घरे, पान-पाने. पाखरू आणि वासरू यांचा ऊ जाऊन पाखरे, वासरे होतात. शेवटी आधीच ए असला तर तो ई होतो : खेडे-खेडी, गाणे-गाणी.

ठाणे हे तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते. गावाच्या मध्यावर मासुंदा तलाव आहे, डोंगराच्या पायथ्याशी उपवन आहे, आणखीही पुष्कळ आहेत. यांना 'तलाव' म्हणावे तर एक तलाव आणि अनेक तलाव. शब्दाला ढिम्म फरक नाही. 'तळे' म्हणावे तर मात्र लगेच 'तळी' होतात. पाणी तेच, काठ तोच. एक शब्द 'तो' आणि दुसरा 'ते', एवढाच काय तो भेद. आणि खुद्द ठाणे? हा शब्द कानाला अनेकवचनासारखा वाटतो. घरे, झाडे, ठाणे. पण तो आहे एकवचनी. त्याचे अनेकवचन 'ठाणी'. पोलिसांची ठाणी असतात, सैन्याची ठाणी असतात. शहर मात्र एकच असल्यामुळे त्याच्यावर अनेकवचनाची पाळी कधी आली नाही. तेथून कल्याणकडे जाणारी गाडी कळवा आणि मुंब्रा ही स्थानके मागे टाकून दिवा या स्थानकावर थांबते. घरातल्या दिव्याचे दिवे होतात, स्थानकाच्या दिव्याचे होत नाहीत. विशेषनामांचा हा मान भाषा सहसा राखते.

येथवरचा हिशेब सरळ आहे. गोंधळ होतो तो स्त्रीलिंगी अकारान्त नामांत. वाट-वाटा, लाट-लाटा, खाट-खाटा, वीट-विटा, चूक-चुका. पण भिंत-भिंती, विहीर-विहिरी, वेल-वेली, म्हैस-म्हशी. सून घरात आली की 'सुना', बहीण घरी आली की 'बहिणी'. काहींना आ, काहींना ई; आणि कोणाला काय, हे सांगणारा सरळ नियम नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा ते ऐन बाविशीचे होते. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली निघाले. इतक्या विद्वानांनी भाषेची नाडी पाहिली, तरी या ठिकाणी शिकणाऱ्याला शेवटी कानावरच विसंबावे लागते. परभाषी माणूस मराठी शिकू लागला की तो 'भिंता' म्हणतो, 'वाटी' म्हणतो, आणि त्या बिचाऱ्याचे काही चुकलेले नसते. नियम शोधणाऱ्या बुद्धीने तसेच म्हणावे. घरात कोणी तीन वर्षांचे मूल असले तर तेही मधूनच असे काही बोलून जाते, आणि सगळे हसतात. वास्तविक त्या वेळी ते मूल फार मोठे काम करीत असते.

हे काम किती मोठे, ते १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधक बाईंनी दाखवून दिले. त्यांनी चार ते सात वर्षांच्या मुलांपुढे एका विचित्र पाखराचे चित्र ठेवले आणि सांगितले, 'हा वग.' असा प्राणी जगात नाही आणि असा शब्द इंग्रजीत नव्हता. बाईंनीच तो बनविला होता. मग दोन पाखरांचे चित्र दाखवून त्यांनी विचारले, 'आता हे दोन झाले. हे दोन काय?' बहुतेक मुलांनी बिनचूक 'वग्ज' असे उत्तर दिले. हा शब्द त्यांनी पूर्वी कधी ऐकलेला असणे शक्यच नव्हते. म्हणजे मुले नुसते शब्द पाठ करीत नाहीत. ऐकलेल्या शब्दांतून ती रीत वेचून घेतात. हाच खेळ मराठीत कोणीही करून पाहावा. लहान भावाला सांगावे, 'हा एक टमुका.' मग विचारावे, 'दोन असले तर?' तो 'टमुके' म्हणेल. 'ही एक टमुकी' म्हटले तर 'टमुक्या' म्हणेल. आणि 'ही एक टमुक' असे म्हटले, तर तो क्षणभर थांबेल. टमुका की टमुकी? दादोबांच्या आणि दामल्यांच्या समोरचा पेच तो आपल्या परीने सोडवीत असतो.

कधी संख्या एकच असूनही भाषा अनेकवचन मागते, तर कधी अनेक असूनही नाकारते. पाणी, दूध, सोने यांचे अनेकवचन होत नाही. उलट कांजिण्या, डोहाळे, हाल हे शब्द नेहमी अनेकवचनीच. अंगावर पहिला फोड उठला तरी मुलाला 'कांजिण्या' आल्या असेच आई म्हणते. एकटी कांजिणी कोणाला आल्याचे ऐकिवात नाही.

बाहेरून आलेल्या शब्दांचे भाषेने काय केले, ही हकीकत ठाण्याइतकी चांगली दुसरीकडे क्वचितच दिसेल. पोर्तुगीजांचा अंमल येथे दीर्घकाळ होता. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि तो संपला. राज्य गेले, शब्द राहिले. 'बटाटा' हा शब्द त्यांचा, 'चावी' त्यांची आणि 'घमेले'ही त्यांचेच. पण बटाट्याला मराठीने 'तो' ठरविले आणि बटाटे केले. चावीला 'ती' ठरविले आणि चाव्या केल्या. घमेल्याला 'ते' ठरवून घमेली केली. तिघांनाही घरच्या तीन वाटा मिळाल्या. पोर्तुगीज भाषेत अनेकवचन कसे होते, याची चौकशी कोणी केली नाही.

पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून आगगाडी निघाली आणि ठाण्यास येऊन पोहोचली. भारतातली ती पहिली उतारूंची गाडी. तिला चौदा डबे होते, सुमारे चारशे उतारू होते आणि ओढण्यास तीन इंजिने होती. पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. या गाडीबरोबर जे शब्द उतरले त्यांची संख्या कोणी मोजलेली नाही. 'तिकीट' आले आणि त्याची तिकिटे झाली; 'स्टेशन' आले आणि त्याची स्टेशने झाली. 'इंजिन' 'ते' ठरले म्हणून इंजिने. वाटेत मुंब्र्याच्या डोंगराने अडविले म्हणून वळसा घ्यावा लागे; पुढे १९१६ साली पारसिकचा एक किलोमीटरहून लांब बोगदा खुला झाला, आणि 'बोगदा' तर आधीच 'बोगदे' होऊन बसलेला होता. कचेऱ्या वाढल्या तशा 'बँक' आणि 'नोट' आल्या. त्या वाट आणि लाट यांच्या पंक्तीला बसून बँका आणि नोटा झाल्या. 'सायकल' आणि 'पेन्सिल' मात्र भिंत आणि विहीर यांच्या पंक्तीला गेल्या : सायकली, पेन्सिली. ही पंगत कोणी मांडली? कोणत्याही सभेने ठराव केला नाही, कोणत्याही सरकारने हुकूम काढला नाही. कारकून, हमाल, मास्तर, भाजीवाल्या, शाळेत जाणारी पोरे यांनी बोलता बोलता ती मांडली.

परक्या शब्दाला स्वतःचे अनेकवचन मिळाले की तो घरचा झाला असे समजावे. 'पेन्सिली' म्हणणाऱ्याच्या घरी पेन्सिल राहावयास आलेली असते. 'पेन्सिल्स' म्हणणाऱ्याकडे ती अजून पाहुणी आहे, आपली वळकटी सोबत घेऊन आलेली. काही शब्दांचे अद्याप नक्की झालेले नाही. डोंबिवली स्थानकाबाहेर रांगेत उभा असलेला एक गृहस्थ 'दोन बस गेल्या' म्हणतो, दुसरा 'बसेस' म्हणतो आणि वृत्तपत्रवाला सावधपणे 'बसगाड्या' छापतो. पहिल्याच्या वाक्यात नाम जागचे हलत नाही. अनेकवचनाचा सगळा भार 'गेल्या' हे क्रियापद उचलते. या तिघांत शेवटी कोण टिकेल हे आज सांगता यायचे नाही.

कधी कधी एवढा मोठा फरक एका टिंबावर उभा असतो. आजोबांच्या संग्रहातले १९६२ पूर्वीचे पुस्तक उघडावे. त्यात घरें, झाडें, पाखरें अशी टिंबे पानभर विखुरलेली दिसतील. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि ती टिंबे गेली. बोलण्यात मात्र लोक अजून 'घरं', 'झाडं' असेच म्हणतात. नियमाने कागदावरचे टिंब पुसले, नाकातला उच्चार पुसला नाही. एका ठिकाणचे टिंब मात्र नियमांनीही राखले. 'गावाचे पाणी' आणि 'गावांचे पाणी' यांत टिंबाखेरीज काही अंतर नाही. पहिल्यात एक गाव आपल्या विहिरीवर पाणी भरीत आहे. दुसऱ्यात अनेक गावे एकाच पाण्याकडे डोळे लावून बसली आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या भोवती '२७ गावे' हा शब्दप्रयोग एखाद्या विशेषनामासारखा रूढ आहे. ही गावे २००२ साली महापालिकेतून वेगळी झाली, २०१५ साली पुन्हा तिला जोडली गेली. त्यांच्याविषयीच्या कागदपत्रात 'गावांचा' ऐवजी 'गावाचा' असे पडले, तर सव्वीस गावे एका टिंबासरशी नाहीशी व्हायची.

आणखी एक अनेकवचन आहे. ते मोजण्याचे नव्हे, मानाचे. माणूस एकटाच असतो, पण वाक्य त्याला अनेक समजून वाट करून देते. गुरुजी आले, आजोबा बसले, बाबा गावाला गेले. येथे मराठीची एक खोड मोठी गोड आहे. शाळेत बाई 'आल्या', घरात आई 'आली'. बाबांना बहुतेक घरांत अनेकवचन मिळते, आईला मिळत नाही. देवालाही मिळत नाही. भक्त विठोबाला 'तू' म्हणूनच हाक मारतो. जेथे अंतर नाही तेथे एकवचन पुरते. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत वडिलांनाही 'आला', 'गेला' असेच म्हणतात, आणि त्यात अनादराचा लवलेश नसतो. शहरातल्या कानाला मात्र ते खटकते.

हे खटकणे शाळेत कधी कधी फार महाग पडते. डोंबिवलीच्या एका शाळेत खाडीकाठच्या गावातला एक मुलगा सहावीत दाखल झाला. घरी सगळे आगरी बोलणारे. मुलगा अंगाने दणकट, पोहण्यात तरबेज, वर्गात मात्र मागल्या बाकावर. एके दिवशी बाईंनी तोंडी 'वचन बदला' घेतले आणि त्याच्या वाट्याला 'गाडी' हा शब्द आला. तो उठून ठणठणीत आवाजात म्हणाला, "गाऱ्या." वर्ग खो खो हसला. एकाने तर डोंगरातला दगड उचलून फेकावा तसा तो शब्द पुन्हा त्याच्याकडे फेकला. मुलगा खाली बसला आणि पाटीकडे पाहू लागला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्याचे दोन भाग केले.

"घरी एका गाडीला काय म्हणता रे?" त्यांनी विचारले.

तो बोलेना. बाई थांबून राहिल्या. शेवटी हळूच उत्तर आले, "गारी."

"आणि घोडा?"

"घोरा."

"दोन असले तर?"

"घोरे."

"डोळा?"

"डोला. डोले."

बाईंनी एका बाजूला गाडी-गाड्या, घोडा-घोडे, डोळा-डोळे असे लिहिले. दुसऱ्या बाजूला गारी-गाऱ्या, घोरा-घोरे, डोला-डोले. मग त्या वर्गाकडे वळल्या. "याने वचन बदलताना कोठे चूक केली, ती मला दाखवा," त्या म्हणाल्या. हात वर झाले आणि एकेक करून खाली आले. ड चा र झाला होता, ळ चा ल झाला होता. पण 'तो' आकारान्त होता तेथे ए आला होता आणि 'ती' ईकारान्त होती तेथे या आला होता. रीत तीच होती. फळ्याच्या दोन्ही बाजू एकाच हिशेबाने चालल्या होत्या. "परीक्षेत 'गाड्या' लिहायचे," बाईंनी त्याला बजावले, "पुस्तकाची भाषा सगळ्यांना मिळून वापरायची आहे. घरी गेल्यावर आजीशी बोलताना 'गाऱ्या'च म्हणायचे." वर्गात शांतता पसरली. मग मागल्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, होरीचं काय?" होरी म्हणजे होडी हे पुष्कळांना ठाऊक नव्हते. ते त्यानेच समजावून सांगितले, आणि 'होऱ्या' हा शब्द फळ्यावर उजव्या बाजूस सर्वांत शेवटी गेला.

अशा वेळी हसण्याने एक मुलगा गप्प बसतो, एवढेच नुकसान होते असे वाटते. पण सगळी मुले गप्प बसली तर काय होते, हे पाहावयाचे असेल तर उत्तर अमेरिकेकडे वळले पाहिजे. तेथील विशाल सरोवरांच्या भोवती, आज ज्याला कॅनडा आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने म्हणतात त्या दोन्ही देशांत, ओजिब्वे नावाचे लोक राहतात. स्वतःला ते 'अनिशिनाबे' म्हणवितात. अनेक असले की 'अनिशिनाबेग'. हा शेवटचा ग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्यांची भाषा अनेकवचन करण्यापूर्वी नामाला तो, ती की ते असे विचारीत नाही. ती विचारते : तू सजीवांतला की निर्जीवांतला? सजीवांतला असशील तर शेवटी ग घे, निर्जीवांतला असशील तर न घे. चामड्याच्या मऊ पादत्राणाला ते 'माकिझिन' म्हणतात. ते निर्जीव, म्हणून अनेक असले की 'माकिझिनन'.

हे सोपे वाटते, पण दगडाला ते 'असिन' म्हणतात आणि त्याचे अनेकवचन आहे 'असिनीग'. म्हणजे दगड सजीवांत! 'मितिग' म्हणजे झाड. रानात उभी असलेली अनेक झाडे 'मितिगूग'. तोच 'मितिग' शब्द लाकडाच्या काठीलाही लावतात. पण काठ्या अनेक झाल्या की 'मितिगून'. शब्द एकच; उभा असताना ग आणि तुटून पडल्यावर न. महाबळेश्वरी जाणाऱ्यांना रासबेरी आणि स्ट्रॉबेरी ही दोन्ही फळे परिचयाची आहेत. ओजिब्वे भाषेत रासबेरी 'मिस्कोमिन', अनेक असल्या की 'मिस्कोमिनग', म्हणजे सजीवांत. स्ट्रॉबेरी 'ओदेइमिन', तिचा आकार हृदयासारखा म्हणून हृदयफळ असेच तिचे नाव. आणि तिचे अनेकवचन 'ओदेइमिनन', म्हणजे निर्जीवांत. असे का, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. वाटेला आ का आणि भिंतीला ई का, याचे उत्तर तरी कोणापाशी आहे? तेथील आजीला विचारले असते तर तीही ठाण्याच्या कोळणीसारखीच हसली असती.

ठाण्यास आगगाडी आली त्याच १८५३ साली फ्रेडरिक बरागा या मिशनऱ्याने केलेला या भाषेचा कोश छापून प्रसिद्ध झाला. तीन वर्षांपूर्वी त्याने तिचे व्याकरणही छापले होते. म्हणजे भाषा ग्रंथात बंदिस्त झाली होती, नियम लिहिले गेले होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या आणि अशा इतर लोकांच्या मुलांना घरापासून दूर वसतिशाळांत नेऊन ठेवण्यात येऊ लागले. तेथे स्वतःच्या भाषेत बोलणे हा अपराध होता आणि त्याला शिक्षा होती. डोंबिवलीच्या वर्गात एक हशा पिकला होता. तेथे छडी होती, आणि मुलाला रात्री घरी नेणारी वाट नव्हती. ही मुले मोठी झाली, त्यांना मुले झाली, तेव्हा त्यांपैकी कितीतरी जणांनी आपली भाषा आपल्या मुलांच्या कानी पडू दिली नाही. आपण भोगले ते त्यांनी भोगू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत या शाळांबद्दल क्षमा मागितली. तोवर असे पुष्कळ उंबरठे झाले होते, की ज्यांच्या आत आजीला दगडाचा ग ठाऊक होता आणि नातवाला नव्हता. ग्रंथ कपाटात होता; पण टमुक्याचे टमुके करावे तसे एखाद्या नव्या, कधी न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन क्षणात करून टाकणारे तीन वर्षांचे मूल त्या घरात नव्हते.

आता तेथे पुन्हा शाळा निघाल्या आहेत. या वेळी त्या ओजिब्वे भाषेतूनच शिकवितात. जे थोडे वृद्ध लहानपणापासून ही भाषा बोलत आले, त्यांना वर्गात बोलावून आणतात. मिनेसोटा विद्यापीठाने ओजिब्वे लोकांच्या मदतीने एक कोश तयार केला आहे. तो संगणकावर कोणालाही पाहता येतो. त्यात प्रत्येक नामाच्या पुढे ते सजीवांतले की निर्जीवांतले, हे दिलेले असते, आणि अनेकवचन लिहिलेले असते. पुष्कळ शब्दांजवळ एक खूण आहे. ती दाबली, की त्या वृद्धांपैकी कोणाचा तरी आवाज ऐकू येतो. आवाज थोडा कापरा असतो, मागे कोठेतरी खुर्ची करकरते, आणि मग अगदी सावकाश तो शब्द येतो. आधी एक, मग अनेक.